नसलेल्या सिनेमांची पुस्तकं

‘इंद्रसभा’ या १९३२ सालच्या बोलपटात सत्तरच्या आसपास गाणी होती, हे तुम्ही कुठेतरी वाचलं किंवा ऐकलं असेल. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रश्न हमखास असतो. कलकत्त्याच्या मादन थिएटर्सनं काढलेला हा सिनेमा. मूळ नाटक लखनौच्या आगा हसन अमानत यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. पडद्यावर निसार आणि कज्जन ही त्या काळातली गाजलेली जोडी. ठीक आहे. पण ही गाणी मोजली कुणी? या सिनेमाची प्रत आज कुठेही उपलब्ध नाही. आज हयात असलेल्या कुणी तो पाहिला असण्याची शक्यताही फार थोडी. मग हा आकडा आला कुठून?

तो आला कागदावरून. सिनेमा थिएटरात लागला की त्याच्याबरोबर गाण्यांची चोपडी विकायला यायची. आठ-बारा पानं, पातळ कागद, वर नटनटीचं चित्र. किंमत आणा-दोन आणे. मध्यंतरात शेंगदाणे आणि सोडावॉटर विकणाऱ्यांच्या गर्दीत ती विकणारा पोऱ्याही असायचा. आत नटांची नावं, मग गोष्ट. तीही अर्धीच. नायिका संकटात सापडली की पुढचं पडद्यावर पाहा, असं सांगून ती थांबायची. त्यानंतर गाणी. पुढे ज्यांनी सिनेमाच्या याद्या करायला घेतल्या, त्यांच्या हाती अनेकदा एवढाच पुरावा होता. आकडा सांगणाऱ्यांत दोन-तीनचा फरक पडतो तोही त्यामुळेच. गाण्याआधी म्हटलेला शेर वेगळं गाणं धरायचा की नाही, यावर मोजणी बदलणारच.

सिनेमाप्रेमींसाठी लिहिलेल्या पुस्तकांबद्दल बोलायला मला सांगितलं गेलं, तेव्हा पहिल्यांदा ही चोपडीच डोळ्यांसमोर आली. आपल्याकडे सिनेमावरच्या पुस्तकांवर एक वेगळीच जबाबदारी येऊन पडली आहे, आणि ती बाहेरच्या देशांतल्या अशा पुस्तकांवर त्या प्रमाणात नव्हती.

तिकडची गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये टेलिव्हिजन घरोघरी पोचलं आणि जुने सिनेमे रोज रात्री घरबसल्या दिसू लागले. आज अमुक सिनेमा लागणार आहे, जागायचं की झोपायचं? या साध्या प्रश्नातून तिथली जाडजूड मार्गदर्शकं जन्माला आली. लिओनार्ड मॉल्टिन या विशीही न गाठलेल्या तरुणाचं असं पुस्तक १९६९ मध्ये निघालं. त्याचं नावच ‘टीव्ही मूव्हीज’. सिनेमाचं नाव, साल, दिग्दर्शक, दोन-चार ओळींत मत आणि तारे. पुढे मॉल्टिनच्याच नावानं ते ओळखलं जाऊ लागलं, दरवर्षी नवी आवृत्ती निघू लागली आणि शेवटी शेवटी जवळजवळ सोळा हजार सिनेमे त्यात मावले. इंग्लंडमध्ये लेस्ली हॅलिवेल होते. ते आयटीव्हीसाठी सिनेमे विकत घेण्याचं काम करायचे. त्यांचं ‘फिल्म गाइड’ १९७७ मध्ये आलं. हॅलिवेल यांचा सगळा जीव तीस-चाळीसच्या दशकांतल्या सिनेमांवर, नव्या सिनेमाला तारे देताना त्यांचा हात आखडायचा. मॉल्टिनच्या मार्गदर्शकाची शेवटची आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. हातातल्या फोनवर सगळंच फुकट मिळू लागल्यावर एवढा ठोकळा विकत कोण घेणार?

ही पुस्तकं मी चाळली आहेत, त्यांचा आनंदही घेतला आहे. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे. सिनेमा कुठेतरी आहे, तो तुम्हाला बघता येईल. बघायचा की नाही, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे हे गृहीतच डळमळीत. तेराशेच्या वर मूकपट आपण काढले. त्यांतले आज तीसएक उरले आहेत, आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांत. जुन्या नायट्रेटच्या फितीवर चांदीचा थर असायचा. चांदी काढून घेण्यासाठी फिती विकल्या गेल्या. धुतलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या झाल्या. नायट्रेट पेटतंही भयंकर. २००३ मध्ये पुण्यात आग लागली, तेव्हा साठवून ठेवलेल्या फितीही गेल्या. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज नाही. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ नाही. या सिनेमांना तारे देऊन काय करणार? ते होते, एवढं जरी कुणी नीट लिहून ठेवलं असेल तरी पुष्कळ.

गंमत म्हणजे आपल्या सिनेमाचा जन्मच पुस्तकं वाचून झालेला आहे. दादासाहेब फाळके यांनी हे तंत्र शिकताना सेसिल हेपवर्थ या इंग्रज माणसाचं १८९७ सालचं पुस्तक अभ्यासलं. लंडनहून निघणारं ‘बायोस्कोप’ साप्ताहिक ते मुंबईत वाचत. १९१२ मध्ये लंडनला गेल्यावर ते थेट त्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन थडकले आणि संपादकांनीच त्यांची हेपवर्थशी गाठ घालून दिली. पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर मराठीत लेख लिहिले. गिरगावातल्या तंबूवजा थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहताना त्यांच्या मनात राम-कृष्ण कसे येऊ लागले, ही गोष्ट आज प्रत्येक चरित्रात असते. ती आपल्यापर्यंत पोचली या लेखांमुळे. ‘नवयुग’चे ते अंक रद्दीत गेले असते तर भारतीय सिनेमाच्या पहिल्या पानावर काय लिहायचं, हा प्रश्नच पडला असता.

समीक्षेबद्दल म्हणाल, तर दबदबा बाबूराव पटेल यांचा. मराठी माणूस, पण ‘फिल्मइंडिया’ हे १९३५ मध्ये सुरू झालेलं मासिक इंग्रजी. परीक्षण म्हणजे तलवारबाजी. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली त्यांची तिखट उत्तरं वाचायला लोक अंकाची वाट बघायचे, आणि निर्माते घाबरायचे. सआदत हसन मंटो यांनी ‘गंजे फरिश्ते’ या १९५२ च्या पुस्तकात बाबूरावांचं शब्दचित्र काढलं आहे. मंटोला माणसाचं सोंग दिसायचं आणि सोंगामागचा माणूसही. पुढे बाबूराव राजकारणात शिरले, १९६७ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत गेले. त्यांच्या त्या काळातल्या लिखाणात माझ्यासारख्याचं मन रमत नाही. पण ‘फिल्मइंडिया’चे जुने अंक पाहायला मिळाले तर मी अजूनही सोडत नाही. एक सांगू? त्यांतल्या परीक्षणांपेक्षा जाहिराती आज जास्त उपयोगी पडतात. परीक्षणात बाबूराव दिसतात; जाहिरातीत सिनेमाचं नाव, कंपनी, थिएटर, कितवा आठवडा हे दिसतं.

मराठीत हे काम इसाक मुजावर यांनी आयुष्यभर केलं. ‘रसरंग’, ‘चित्रानंद’ अशा नियतकालिकांतून त्यांनी किती लिहिलं याचा हिशेब करणं अवघड आहे. फाळक्यांचं चरित्र त्यांनी लिहिलं. महाराष्ट्र ही भारतीय चित्रपटाची जन्मभूमी कशी, हे सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६९ मध्ये महाराष्ट्र माहिती केंद्रानं काढलं. मुजावर विद्वत्तेचा आव आणत नसत. थिएटरच्या बाहेर उभं राहून गप्पा मारणाऱ्या जाणकार माणसाची त्यांची भाषा. त्यात किस्सेही भरपूर. विद्यापीठातल्या माणसांनी नाक मुरडावं अशी. पण कोल्हापूरच्या, पुण्याच्या स्टुडिओंत काम केलेली माणसं बोलती होती, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसायला विद्यापीठातलं किती जण गेलं? २०१५ मध्ये मुजावर गेले. शाळकरी वयात मराठी मजकुराखाली ‘इसाक मुजावर’ ही सही छापलेली पाहिली की मला बरं वाटायचं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आमच्या घरात अम्मी उर्दू शिकलेली, मी मराठी शाळेत. अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत पन्नास-साठच्या दशकांतल्या चोपड्या होत्या. एकाच पानावर एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला उर्दू. अम्मी उजवीकडून वाचायची, मी डावीकडून. देवनागरीतली नुक्ते उडालेली अक्षरं मी मराठी उच्चारात वाचायचो आणि अम्मी हसायची. मराठीत ‘गम’ म्हणजे पाकिटं चिकटवायचा डिंक. त्यानं कुणाचं काळीज कसं जळेल? ती उर्दूच्या ओळीवर बोट ठेवून उच्चार दुरुस्त करून द्यायची. मला दोन भाषांचा कान आला तो या चोपड्यांमुळे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

त्याच पेटीपाशी एक गोष्ट मला खटकायची. गाणं पूर्ण छापलेलं, पण ते लिहिलं कुणी, हे पुष्कळ चोपड्यांत गाण्याखाली नसायचं. सुरुवातीच्या बोलपटांच्या काळात कंपन्यांच्या पगारावर मुन्शी असायचे. संवाद तेच लिहिणार, गाणीही तेच. ‘आलम आरा’त सात गाणी होती हे माहीत आहे, पण ती कोणत्या कवीची, हे खात्रीनं सांगता येत नाही. रेकॉर्डवरही तीच तऱ्हा. ‘महल’ १९४९ चा. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालाच्या भूमिकेचं नाव! लोक चौकशी करू लागले तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. आणि ते गाणं लिहिणारे नख्शब जारचवी? गाणं आजही रोज कुठेतरी वाजत असेल. कवीचं नाव सांगणारे बोटांवर मोजण्याइतके.

हे मी बोलतो आहे रेडिओवरून, म्हणून रेडिओचंही सांगितलं पाहिजे. बाळकृष्ण केसकर मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी आक्रसली. जाहिरात होते म्हणून सिनेमाचं नाव सांगणंसुद्धा नको झालं होतं. श्रोते सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, आणि गायक, संगीतकार यांच्या बरोबरीनं गीतकाराचं नाव सांगण्याची रीत रुळली. साहिर लुधियानवी यांनी त्यासाठी आग्रह धरला, असं सांगतात. निवेदकाच्या तोंडून ही नावं दिवसातून पन्नास वेळा कानांवर पडत राहिली, आणि देशभरातले कितीतरी साधे श्रोते वहीत लिहून ठेवू लागले. सिनेमा, साल, गायक, गीतकार. आमच्या गल्लीतही अशा वह्या ठेवणारे दोघं-तिघं होते.

अशाच एका श्रोत्यानं पुढे जे केलं ते माझ्या मते आपल्याकडच्या सिनेमाच्या पुस्तकांतलं सर्वांत मोठं काम. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’. नोकरी बँकेत. १९३१ पासूनच्या प्रत्येक हिंदी बोलपटाची आणि त्यातल्या प्रत्येक गाण्याची नोंद करायची, असं त्यांनी ठरवलं. मागे विद्यापीठ नाही, अकादमी नाही. ‘हिंदी फिल्म गीत कोश’चा १९५१ ते १९६० या दशकाचा खंड सर्वांत आधी, १९८० मध्ये निघाला. मग १९८४ मध्ये चाळीसचं दशक, १९८६ मध्ये साठचं. १९३१ ते १९४० हा सर्वांत अवघड खंड १९८८ मध्ये, आणि सत्तरच्या दशकाचा १९९१ मध्ये. त्यांच्याआधी फिरोज रंगूनवाला यांनी १९७० मध्ये मूकपटांची आणि हिंदी सिनेमांची इंग्रजी सूची काढली होती, ते ऋण आहेच. पण गाण्याच्या पातळीपर्यंत उतरून एवढी मोजदाद कुणी केली नव्हती.

काम कसं झालं असेल, याचा अंदाज खंड उघडल्यावर येतो. चोपड्या, रेकॉर्डवरचे क्रमांक, जुन्या मासिकांतल्या जाहिराती. आणि हे सगळं देशभरातल्या संग्राहकांकडून, पोस्टानं. प्रत्येक सिनेमाखाली कंपनी, दिग्दर्शक, कलाकार, संगीतकार. मग गाण्याचा मुखडा, गायक, गीतकार, रेकॉर्डचा नंबर. मत कुठेही नाही. हा सिनेमा चांगला, तो वाईट, असा एक शब्द नाही. आणि ज्याचा गीतकार कळला नाही, तिथे अंदाजानं कुणाचं नाव घुसडलेलं नाही. मी स्वतः कविता लिहितो, म्हणून असेल, पण दुसऱ्याच्या ओळीखाली तिसऱ्याचं नाव न घालण्याची ही शिस्त मला कोणत्याही रसाळ परीक्षणापेक्षा मोलाची वाटते.

कोरड्या यादीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी एक उदाहरण देतो. १९७४ च्या गिनीज बुकात लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाणी नोंदवली गेली. मोहम्मद रफी यांना ते पटलं नाही. आपली गाणी त्याहून जास्त आहेत असं त्यांचं म्हणणं. पत्रव्यवहार झाला, चाहत्यांत तर हमरीतुमरी. मग याद्या झाल्या, लोकांनी एकेक गाणं मोजलं आणि दोघांचीही हिंदी सिनेमातली गाणी साडेचार-पाच हजारांच्या आसपास भरली. इतर भाषांतली आणि सिनेमाबाहेरची गाणी धरली तरी पंचवीस हजार दूरच राहिले. गिनीजनं ती नोंद पुढे काढून टाकली. पाच हजार गाणी म्हणजे काही थोडी नव्हेत. पण प्रेमाला आकडा नेहमीच फुगवून लागतो.

याचा अर्थ समीक्षा नकोच, असा कुणी घेऊ नये. सिनेमा कसा बघायचा, हे शिकवणारी पुस्तकं आपल्याकडे कमी, पण आहेत. सत्यजित राय यांचं ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ १९७६ चं. मराठीत विजय पाडळकर यांनी नांदेडसारख्या ठिकाणी राहून जगभरच्या सिनेमांवर रसिकतेनं लिहिलं. आणि अरुण खोपकर यांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’. १९८५ मध्ये ग्रंथालीनं काढलेल्या या पुस्तकाला सिनेमावरील उत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे शांता गोखले यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २०१२ मध्ये आलं. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ हे तीन सिनेमे खोपकर उलगडून दाखवतात. गुरुदत्त कसे वारले, त्यांचे कुणाशी संबंध होते, या चघळून चोथा झालेल्या गोष्टींत ते शिरत नाहीत. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा माणसाजवळ कधी जातो, गाणं संवादातून कसं उगवतं, हे बघायला लावतात. पुस्तक वाचून मी ‘प्यासा’ पुन्हा पाहिला, तेव्हा आधी चार वेळा पाहूनही दिसलं नव्हतं ते दिसलं.

पण हे पुस्तक लिहिता आलं, कारण ‘प्यासा’ होता. त्याच्या प्रती होत्या; खोपकरांना तो पुन्हा पुन्हा पाहता आला, आणि वाचल्यावर मलाही. त्यातल्या कवीची कवितेची वही भावांनी रद्दीवाल्याला विकलेली असते आणि ती ज्या बाईच्या हाती पडते, ती जपून ठेवते. १९५७ चा हा सिनेमा पाहताना मला नेहमी वाटतं, आपल्या सिनेमाचंही असंच झालं. मूळ वस्तू विकली गेली, आणि काहीतरी कुणा अनोळखी माणसाकडे सांभाळलेलं निघालं. हमराज यांना चोपड्या पाठवणारे लोक असेच होते. त्यांतल्या बहुतेकांची नावंही आपल्याला कधी कळणार नाहीत.

आता दिवस बदलले आहेत. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा भारतीय सिनेमाचा इंग्रजी ज्ञानकोश १९९४ मध्ये आला, १९९९ मध्ये सुधारून निघाला; अभ्यासकांना आधार मिळाला. गीत कोशाचे खंड मात्र सहजासहजी हाती लागत नाहीत. पूर्वी आण्याला मिळणारी चोपडी आता लिलावात जाते, चोरबाजारात काचेखाली ठेवलेली असते, आणि तिचा भाव वरच्या चित्रावरून ठरतो. चित्र फ्रेममध्ये लावायला म्हणून मुखपृष्ठ कापून आतली पानं टाकून देणारे मी पाहिले आहेत. म्हणजे गाणी गेली, नावंही गेली.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाच्या हातांनी ते उभं राहू लागलं, २०२२ पासून ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे. तिथे फितींबरोबर चोपड्या, पोस्टरं, छायाचित्रं हेही जपलं जातं, आणि लोकांकडून येणारं साहित्य स्वीकारलं जातं. तुमच्या घरात, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत अशी एखादी चोपडी निघाली तर ती टाकण्याआधी शेवटचं पान उलटून पाहा. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकावर छापखान्याचं नाव आणि गाव घालणं बंधनकारक होतं. त्यामुळे अगदी तळाशी, बारीक टायपात ते बहुधा असतंच. मुखपृष्ठ फाटलेलं असलं, सिनेमाचं नाव गेलेलं असलं, तरी त्या एका ओळीवरून आणि गाण्यांवरून ती चोपडी कोणत्या सिनेमाची, हे शोधणारी माणसं अजून आहेत.